पाणी नेमकं कुठं मुरतंय?

अमेरिकेतल्या कुठल्याही आरव्ही पार्कात संध्याकाळी चक्कर मारावी आणि गाड्यांकडे न बघता त्यांच्या मागच्या जमिनीकडे बघावं. चार-दोन गाड्या ओलांडल्या की एक ओला डाग सापडतोच. नळाखाली साचलेलं डबकं, जोडातून तिरकी उडणारी केसाएवढी धार, कुठे जोडाला गुंडाळलेलं फडकं, आणि कुठे पक्कड घेऊन उकिडवा बसलेला गाडीमालक. तो जोड आवळतो, धार थांबते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. तो आणखी आवळतो. शेवटी गाडीच्या तोंडाचे प्लास्टिकचे आटे जातात आणि काही सेंटच्या रबरी चकतीपायी नवीन जोड बसवायची पाळी येते.

आरव्ही, म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, हे चाकांवरचं घर. स्वयंपाकघर, संडास, शॉवर, गरम पाण्याचा हीटर असा सगळा संसार त्यात बसवलेला असतो. या घरात पाणी दोन वाटांनी येतं. एक वाट गाडीच्या पोटातल्या टाकीची: टाकी भरून घ्यायची आणि १२ व्होल्टच्या छोट्या पंपाने पाणी नळांपर्यंत ढकलायचं. दुसरी वाट थेट. पार्कातल्या बहुतेक जागांवर विजेचा खांब, सांडपाण्याचं तोंड आणि पिण्याच्या पाण्याचा नळ असतो. त्या नळापासून गाडीच्या अंगावर ‘सिटी वॉटर’ असं लिहिलेल्या तोंडापर्यंत नळी लावली की पंपाचं काम उरत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन भाड्याच्या आरव्हीतून यलोस्टोन किंवा ग्रँड कॅनियन गाठणारी मराठी कुटुंबंही हीच दुसरी वाट धरतात. सांडपाण्याची नळी कशी लावायची याची सगळ्यांना धास्ती असते, म्हणून ती नीट समजून घेतली जाते. स्वच्छ पाण्याच्या नळीचं मात्र ‘फिरवायची आणि लावायची, त्यात काय’ असं होतं. खरं नुकसान करते ती बहुधा हीच.

जोडाच्या आत काय चालतं ते आधी बघायला हवं. नळकामात आट्यांची दोन घराणी आहेत. भिंतीतल्या लोखंडी पाइपाचे आटे निमुळते असतात. फिरवत जाल तसे ते एकमेकांत रुतत जातात आणि उरलेल्या फटी बुजवायला पूर्वी सफेदा नि धागा लावत, आता टेफ्लॉन टेप लावतात. तिथे पाणी अडवायचं काम आट्यांचंच. बागेच्या नळीचे आटे सरळ असतात, आणि आरव्हीची नळी याच घराण्यातली. हे आटे पाणी अडवतच नाहीत. दोन तोंडं एकमेकांवर दाबून धरणं, एवढंच त्यांचं काम. पाणी अडवतो तो नळीच्या कॉलरच्या तळाशी बसलेला रबरी वॉशर. त्यामुळे या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणं म्हणजे दाराला कुलूप नसताना खिडकीला अडसर लावणं. टेप जाड झाली तर उलट तोंड वॉशरपर्यंत पोचत नाही आणि गळती वाढते.

मग जोर किती लावायचा? साधा हिशेब आहे. पाण्याचा दाब दर चौरस इंचाला ५० पौंड धरला आणि वॉशरचा व्यास एक इंच धरला, तर जोड उघडू पाहणारा भार भरतो सुमारे ३९ पौंड, म्हणजे १८ किलोच्या आसपास. बोटांनी नीट फिरवून शेवटी हलकासा पीळ दिलेली पितळी कॉलर हा भार सहज पेलते. पक्कड लावून आवळलं की वॉशर गरजेपेक्षा जास्त चेपतो, त्याची कड चिरते, रबर मधल्या भोकात फुगून येतं आणि पाण्याची वाटही अरुंद होते. त्या वेळेपुरती धार थांबते खरी, पण पुढच्या मुक्कामी तोच चेपलेला वॉशर नव्या नळावर बसत नाही. मग पुन्हा पक्कड.

वॉशर तपासायला हत्यार लागत नाही. तो बोटाने काढावा आणि नखाने दाबावा. खळगा पडून लगेच भरून आला तर तो जिवंत आहे. खळगा तसाच राहिला, किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर तो कचऱ्यात. ऊन आणि पाण्यातलं क्लोरीन यांनी रबर कडक होतं, आणि आरव्हीची नळी तर दोन्हींत मुरलेली असते. कधी वॉशर चांगला असतो आणि त्याच्यावर वाळूचा एक कण बसलेला असतो. तेवढा कण पुरतो. पार्काच्या नळाच्या ओठावर, म्हणजे जिथे वॉशर टेकतो त्या कडेवर, आधीच्या कुणाच्या पक्कडीने खाच पाडलेली असेल तर मात्र आपल्या बाजूने कितीही टापटीप ठेवली तरी पाणी झिरपणारच. अशा वेळी जरा जाड, मऊ वॉशर टाकून बघावा आणि ऑफिसात सांगावं.

गाडीच्या बाजूचं तोंड जास्त नाजूक. बऱ्याच गाड्यांत ते प्लास्टिकचं असतं आणि नळीची कॉलर पितळेची. कॉलर वाकडी बसली आणि तशीच फिरवली की पितळ प्लास्टिकमध्ये स्वतःची नवी, चुकीची वाट कापतं. जुने नळकाम करणारे यावर एक युक्ती करतात: कॉलर आधी उलटी फिरवायची. आट्याची सुरुवात सुरुवातीला भिडली की बारीकसा ‘टक’ असा धक्का बोटांना लागतो. तिथून सुलटी फिरवायला घ्यायची. काटकोनातला पितळी तुकडा तोंडावर कायमचा ठेवला तर नळी खाली सरळ लोंबते आणि बाजूने ओढत नाही. स्वस्तात मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कॉलरींपासून मात्र चार हात लांब राहिलेलं बरं. पितळेला चिकटून ओलाव्यात राहिल्या की ॲल्युमिनियम गंजून दोन्ही धातू असे एकजीव होतात की शेवटी करवत लावावी लागते.

सगळ्या अमेरिकेत एका कंपनीची नळी दुसऱ्या कंपनीच्या नळावर मुकाट बसते, हे वाटतं तितकं सहज घडलेलं नाही. ७ फेब्रुवारी १९०४ला बाल्टिमोर शहराच्या व्यापारी भागात आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून बंब धावून आले. पाणी होतं, माणसं होती, पण अनेक बंबांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळांवर बसेनात. आग तीस तासांच्या वर चालली, सुमारे १४० एकरांचा भाग आणि १५०० इमारती खाक झाल्या. पुढे सरकारी मानक संस्थेने देशभरातले जोड गोळा केले, तेव्हा अग्निशामक नळ्यांच्या जोडांचे सहाशेच्या वर प्रकार निघाले. १९०५मध्ये राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने बंबाच्या नळीसाठी एकच माप ठरवलं. बागेची नळी त्याच ‘नॅशनल होज’ कुळातलं धाकटं भावंड आहे: पाऊण इंची, दर इंचाला साडेअकरा आटे.

हे साडेअकरा भारतात आल्यावर त्रास देतात. महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर इकडेही चाकांवरची घरं दिसू लागली आहेत. एखादा हौशी माणूस अमेरिकेतून येताना बॅगेत रेग्युलेटर नि जोड घेऊन येतो. आपल्याकडचे नळ मात्र ब्रिटिश मापाचे. पाऊण इंची जोडाला दर इंचाला १४ आटे. बाहेरच्या व्यासात फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणून गंमत अशी होते की अमेरिकी कॉलर भारतीय नळावर एक-दोन फेरे छान बसते, माणूस खूश होतो, आणि मग ती अडते. तिथे जोर लावला तर आटे गेलेच. मधे मापबदल करणारा तुकडा घालण्याला पर्याय नाही.

आता दाब. जोडाची गळती डोळ्यांना दिसते, पाय भिजतात, निदान कळतं. दाबाने होणारी गळती भिंतीच्या आत होते.

अमेरिकेत दाब मोजतात पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड. आपल्याकडचा प्लंबर ‘किलो’त बोलतो, आणि एक किलो दाब म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा भार. ५० पीएसआय म्हणजे साडेतीन किलो, पस्तीस मीटर: अकरा-बारा मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जो दाब देईल, तेवढा. आरव्ही बनवणारे साधारण ४० ते ६० पीएसआयच्या आत राहायला सांगतात. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांप्रमाणे घरात ८० पीएसआयच्या वर दाब येत असेल तर तो कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावाच लागतो. पण आरव्ही पार्क म्हणजे घर नव्हे. तिथल्या नळाला किती दाब आहे हे खांबावर लिहिलेलं नसतं, आणि एकाच पार्कात तो जागोजाग वेगळा असतो. डोंगरउतारावर वसलेल्या पार्कात टाकी सगळ्यात वर असेल आणि एखादी जागा तिच्याखाली साठ मीटरवर असेल, तर त्या जागेच्या नळाला नुसत्या उंचीमुळे ८५ पीएसआय मिळतात. नदीकाठची देखण्यातली देखणी जागा ती हीच.

शिवाय दाब दिवसभर सारखा राहत नाही. संध्याकाळी शंभर गाड्यांतली माणसं अंघोळी करत असतात, भांडी घासत असतात; वाहत्या पाण्याचा बराचसा दाब पाइपांतल्या घर्षणात जातो. रात्री दोन-तीनच्या सुमारास सगळे झोपलेले, पाणी पाइपात स्तब्ध उभं, घर्षण शून्य. तेव्हा प्रत्येक नळाला पुरता दाब मिळतो. म्हणून पाहुण्याने सात वाजता शॉवरखाली उभं राहून ‘इथे तर पाण्याला जोरच नाही, रेग्युलेटर कशाला हवा’ असं ठरवलं, तर त्याचा अंदाज चुकीच्या वेळी केलेला असतो.

वाढलेला दाब गाडीत कुठे बाहेर पडतो? सध्याच्या आरव्हींत पेक्स नावाच्या लवचिक प्लास्टिकचे पाइप असतात. हा पाइप दमदार आहे. २३ अंश सेल्सियसला १६० पीएसआय आणि ८२ अंशांच्या गरम पाण्याला १०० पीएसआय, अशी त्याची मान्य क्षमता. हार खातात ते जोड: प्लास्टिकचे कोपरे, नळाखालच्या वाकणाऱ्या नळ्या, संडासाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह. जुनी गाडी घेणाऱ्याने तर पाइपाचा रंग आधी बघावा. करडा, मऊसर पाइप दिसला तर तो बहुतेक पॉलिब्युटिलीन. १९७८ ते १९९५ या काळात घरांत आणि आरव्हींत तो सर्रास वापरला गेला, पाण्यातल्या क्लोरीनने ठिसूळ होऊन फुटत गेला, आणि १९९५मध्ये त्यावरच्या सामूहिक दाव्यात सुमारे ९५ कोटी डॉलरांची तडजोड झाली. अशा गाडीला दाबाच्या बाबतीत जरा जपूनच वागवावं लागतं.

रेग्युलेटर म्हणजे दाबाला वेसण. तो बसवायचा नळाच्या तोंडाला, गाडीच्या नव्हे. गाडीजवळ लावला तर गाडी वाचते, पण मधली सगळी नळी पूर्ण दाब झेलत राहते आणि रात्री फुटायची ती तीच फुटते. फिल्टर असेल तर तोही रेग्युलेटरच्या नंतर. बाजारात बोटाएवढा पितळी रेग्युलेटर स्वस्तात मिळतो. त्याची स्प्रिंग एका ठरावीक दाबाला बांधलेली आणि वाट अरुंद, त्यामुळे शॉवरची धार मुतखड्याच्या रोग्यासारखी होते. दाब दाखवणारं घड्याळ लावलेला, स्क्रूने दाब बदलता येणारा रेग्युलेटर महाग असतो, पण पैसे वसूल होतात. घड्याळ वाचायचं ते गाडीतले सगळे नळ बंद करून. पाणी वाहत असताना दिसणारा आकडा नेहमीच गोड असतो. आणि नळ बंद असताना काटा ५० वर थांबायच्या ऐवजी ५५, ६०, ६५ असा हळूहळू वर सरकत असेल, तर रेग्युलेटरच्या आतलं आसन झिजलं आहे. असा रेग्युलेटर दिवसा चांगला वागतो आणि रात्री दगा देतो.

नळाच्या पलीकडे काय चाललं आहे याची कल्पना पाहुण्याला नसते. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावर ट्रेलर व्हिलेज नावाचा आरव्ही पार्क आहे, वीज-पाणी-सांडपाणी अशा सगळ्या जोडण्यांचा. तिथल्या नळाला येणारं पाणी दरीच्या पलीकडच्या, उत्तर कड्याखालच्या रोरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून निघतं. साडेबारा मैलांचा, म्हणजे वीस किलोमीटरचा पाइप दरीत उतरतो, कोलोरॅडो नदी ओलांडतो, आणि तिथून पुढे पंपाने पाणी वर कड्यावर चढवलं जातं. १९६०च्या दशकात हाती घेतलेला हा पाइप आपलं आयुष्य केव्हाच ओलांडून गेला आहे. राष्ट्रीय उद्यान विभागाच्या नोंदीप्रमाणे २०१०पासून तो ८५हून अधिक वेळा मोठ्या प्रमाणात फुटला. २०२४च्या ऑगस्टअखेर तर तो लागोपाठ चार ठिकाणी फुटला आणि २९ ऑगस्टपासून दक्षिण कड्यावरच्या हॉटेलांतला आणि ट्रेलर व्हिलेजमधला मुक्कामच बंद करावा लागला. ऐन लेबर डेच्या सुट्टीत. ५ सप्टेंबरला मुक्काम पुन्हा सुरू झाला. नवी वाहिनी टाकायचं २० कोटी ८० लाख डॉलरांचं काम तिथे २०२३पासून चालू आहे.

पाइप फुटून दुरुस्त झाला की पहिल्या पाण्याबरोबर हवा आणि गाळ येतो. ग्रँड कॅनियन सोडाच, कुठल्याही पार्कात रात्री कुठेतरी खड्डा खणून पाइप जोडला असेल तर सकाळी नळ फुरफुरतो आणि तांबूस पाणी येतं. नळी जोडण्याआधी नळ मिनिटभर मोकळा सोडायचा तो यासाठी. हा गाळ गाडीच्या तोंडावरच्या बारीक जाळीत अडकला तर पाण्याचा जोर जातो. जाळी चुकवून एकमार्गी व्हॉल्व्हपर्यंत गेला तर जास्त वाईट, त्याबद्दल पुढे.

काही ठिबक ही गळती नसतेच. अनेक नळांच्या तोंडावर एक ठेंगणा पितळी तुकडा घट्ट बसवलेला असतो. तो काढताही येत नाही. त्याचं काम पाणी उलटं ओढलं जाऊ न देणं. मुख्य वाहिनीत दाब अचानक पडला तर नळीतलं पाणी मागे खेचलं जाईल, आणि नळीचं दुसरं टोक बादलीत किंवा त्याहून घाण जागी असेल तर ते सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळेल. हा तुकडा अशा वेळी हवा आत घेऊन ओढ तोडतो. नळ बंद केला की त्याच्या बाजूने फर्रकन थोडं पाणी उडतं. ते उडायलाच हवं. त्यावर फडकं बांधणारे आणि त्यालाच पक्कड लावणारे दोन्ही सापडतात.

थंड प्रदेशात नळाऐवजी जमिनीतून वर आलेला लांब दांडा आणि वर लोखंडी मूठ दिसते. तिथला व्हॉल्व्ह जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली असतो. मूठ खाली केली की उभ्या पाइपातलं पाणी तळाच्या भोकातून खडीत निथळून जातं, म्हणून वर काही गोठत नाही. हा नळ पूर्ण उघडायचा किंवा पूर्ण बंद करायचा. शॉवर जरा हळू हवा म्हणून मूठ अर्ध्यावर ठेवली की तळाचं भोक अर्धवट उघडं राहतं आणि पाणी जमिनीत जात राहतं. वर सगळं कोरडं, आणि खाली पार्काचं पाणी खडीत मुरतंय.

गाडीच्या आत तीन गोष्टी गळतीचा आभास तरी निर्माण करतात, नाहीतर खरी गळती करतात. पहिली म्हणजे मघाचा एकमार्गी व्हॉल्व्ह. सिटी वॉटरच्या तोंडामागे तो असतो, पाणी आत येऊ देतो, बाहेर जाऊ देत नाही. त्यात कण अडकला की नळी काढून पंप चालू केल्यावर गाडीच्या बाजूने पाणी बाहेर वाहू लागतं. दुसरा असाच व्हॉल्व्ह पंपात असतो. तो अडकला तर पार्काच्या नळाचं पाणी पंपातून उलटं जाऊन टाकी भरत राहतं. लोक गाडीखाली धो-धो पाणी पडताना बघून घाबरतात, पाइप फुटला म्हणून सगळी कपाटं उपसतात. आणि ते असतं टाकी भरून वाहिल्याचं पाणी. टाकीचा काटा एक नजर बघितला असता तर शोध तिथेच संपला असता.

तिसरी गोष्ट गरम पाण्याची. हीटरच्या बाहेरच्या झडपेतून संध्याकाळी थेंब गळतात. पाणी तापून फुगतं, आणि मागे जायची वाट एकमार्गी व्हॉल्व्हने बंद केलेली असते. हीटरच्या माथ्याशी हवेचा थर असतो, तो हा फुगवटा झेलतो. हवा हळूहळू पाण्यात विरून गेली की दाब चढतो आणि १५० पीएसआयला किंवा २१० अंश फॅरनहाइटला उघडणारी सुरक्षा-झडप ठिबकू लागते. झडप बदलायची घाई करू नये, आणि तिला बूच मारायचा विचार तर स्वप्नातही नको. हीटर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं, पार्काचा नळ नि पंप बंद करायचा, गरम पाण्याची तोटी उघडून दाब सोडायचा, मग झडपेची दांडी उचलून पाणी थांबेपर्यंत वाहू द्यायचं. हवेचा थर परत तयार होतो.

जोडणीची रीत मग आपोआप ठरते. नळ कुठला आहे हे आधी वाचायचं. सांडपाणी टाकण्याच्या जागी जो नळ असतो त्यावर ‘पिण्यास अयोग्य’ अशा अर्थाची पाटी असते आणि तो धुण्यापुरताच. पिण्याच्या नळाचं तोंड क्लोरीनच्या पाण्याने पुसून मिनिटभर पाणी सोडायचं. रेग्युलेटर, मग फिल्टर, मग नळी. नळी पांढरी किंवा निळी, पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून विकली जाणारी. बागेच्या हिरव्या नळीला प्लास्टिकचा वास तर येतोच, आणि तिच्या पितळेत शिसं असू शकतं. जानेवारी २०१४पासून अमेरिकेत पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या पितळी भागांत शिसं सरासरी पाव टक्क्याच्या वर चालत नाही, पण बागकामाच्या वस्तूंना ही अट नाही, म्हणून जोड घेताना पाकिटावर ‘शिसेमुक्त’ आहे का ते बघावं. गाडीला जोडण्याआधी नळीतून थोडं पाणी जमिनीवर जाऊ द्यायचं. स्वयंपाकघरातली गार पाण्याची तोटी उघडी ठेवायची, आणि बाहेरचा नळ सावकाश फिरवायचा, म्हणजे हवा फुरफुरत निघून जाते आणि पाइपांना दणका बसत नाही. तोटी बंद. आता प्रत्येक जोडाखालून कोरडा टिश्यू पेपर फिरवायचा. हात आधीच ओले असतात, त्यांना थेंब कळत नाही; कागदाला कळतो. शेवटी नळीला गाडीच्या तोंडाखाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पुढे कधी जोड झिरपलाच तर पाणी नळीवरून ओघळून खाली पडतं, गाडीच्या भिंतीकडे जात नाही.

भिंतीकडे गेलं तर काय होतं? बऱ्याच आरव्हींच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाडा, पातळ प्लायवूड आणि बाहेरून फायबरग्लासचा पत्रा. आत ओल शिरली की प्लाय फुगतो, पत्रा त्याच्यापासून सुटतो आणि बाहेरून फोड आल्यासारखा दिसतो. जमीन पायाखाली मऊ लागू लागते. तोवर दुरुस्तीचा खर्च हाताबाहेर गेलेला असतो. म्हणून जाणते लोक दिवसभर भटकायला जाताना पार्काचा नळ बंद करूनच निघतात, आणि पंपाचं बटणही. हिशेब अंगावर येणारा आहे: आतली एखादी नळी सुटली आणि मिनिटाला पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर पाणी जात राहिलं, तर चार तासांत साडेचार हजार लिटर गाडीत.

यलोस्टोनमध्ये सगळ्या जोडण्या मिळणारा एकच मुक्काम आहे, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. अस्वलांचा वावर असल्यामुळे तिथे तंबूला किंवा कापडी भिंतींच्या गाडीला प्रवेश नाही. उंची सुमारे ७,८०० फूट, त्यामुळे हंगामाच्या दोन्ही टोकांना रात्री पारा शून्याखाली जातो. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं, आणि नळीत, फिल्टरात, रेग्युलेटरात त्याला फुगायला जागा नसते. विजेवर तापणारी नळी असेल तर ठीक. नसेल तर झोपण्यापूर्वी नळ बंद, आत तोटी उघडून दाब सोडायचा, नळी-रेग्युलेटर-फिल्टर काढून रिकामे करून आत आणायचे आणि रात्र टाकीतल्या पाण्यावर काढायची.

अशा रात्रीचा एक फायदा असतो. पार्काचं पाणी तोडलेलं, पंप चालू, सगळ्या तोट्या बंद. पंप दाब भरून गप्प होतो आणि दाब उतरला तरच पुन्हा वाजतो. कुणी उठलेलं नसताना तो मधेच दोन सेकंद घरघरला, पुन्हा तासाभराने घरघरला, तर गाडीत कुठेतरी पाणी निसटतं आहे, नाहीतर पंपाचा व्हॉल्व्ह दाब मागे सोडतो आहे. तासाला एकदा म्हणजे थेंब. पाच मिनिटांनी एकदा म्हणजे सकाळची वाट न बघता उठायला हवं. संडासाच्या मागचा व्हॉल्व्ह, बेसिनखालचे जोड, हीटरच्या पाठीमागचे जोड असा क्रम लावून टॉर्च घेऊन बघत जावं. आणि बाहेरच्या शॉवरचं झाकण उघडून बघायला विसरू नये: मुलांचे पाय धुऊन झाल्यावर हातातल्या फवाऱ्याचं बटण बंद केलेलं असतं, पण त्यामागच्या गरम-गार दोन्ही तोट्या तशाच उघड्या राहिलेल्या असतात, आणि लवचिक नळीचा हलका जोड सगळा दाब झेलत गाडीच्या भिंतीतल्या त्या कोनाड्यात ठिबकत असतो.